हिरव्या डब्यातलं बारा नंबरचं कार्ड

माझ्या नोकरीचं खरं काम मी सासरी कुणाला कधी सांगितलंच नाही. सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की सून जनगणनेत आहे. शेजारणींना त्या कौतुकानं सांगायच्या, "आमची सून माणसं मोजती." अगदीच खोटं नव्हतं ते. पण मी मोजत होते ते वेगळंच. पंधरा ते एकोणीस वयाची पोरंपोरी ज्या गोष्टी आईला सांगत नाहीत, मास्तरला सांगत नाहीत, जिवलग मैत्रिणीलाही सांगताना दहादा विचार करतात, त्या. कुणाशी जुळलंय का, जुळलं असेल तर धोका माहीत आहे का, काळजी घेतली का, कुणी जबरदस्ती केली का, दवाखान्यात जायची वेळ आली तर सोबतीला कोण होतं. पुण्याची एक संशोधन संस्था हे अभ्यास करायची आणि हिंगोली जिल्ह्यातलं काम माझ्याकडं असायचं. आता हळदीकुंकवाला गेल्यावर हे सांगायचं तरी कसं?

लोक विचारतात, असली उत्तरं पोरं देतात तरी का? नाही देत. निदान खरी देत नाहीत. माझी निम्मी नोकरी खोटं कसं ओळखायचं हे शिकण्यात गेली. ढोबळ नियम सांगते. पोरं फुगवून सांगतात आणि पोरी झाकून सांगतात, आणि वहीपेन घेऊन समोर बसलेल्या बाईला दोन्हीतलं खरं काही हाती लागत नाही.

पोरांचे फॉर्म पुरुष कार्यकर्ते भरायचे, तपासायची मी. एकदा गोरेगावचे पाच फॉर्म हाताखालून गेले आणि मी थबकले. पाचही जणांची प्रेमकहाणी एकच! तीच जत्रा, तोच पाळणा, तीच निळ्या ओढणीवाली. मी दुसऱ्या दिवशी जीपनं गोरेगाव गाठलं आणि पाचव्याला शाळेच्या ओट्यावर बसवलं.

"काहून रे, तुझी गोष्ट अन् त्या चौघांची गोष्ट एकच कशी?"

पोरगं मान खाली घालून म्हणालं, "मॅडम, गजूची गोष्ट भारी व्हती. माझ्यापाशी सांगण्यासारखं काईच न्हाई. आता पान रिकामं ठेवणं बरं दिसत न्हाई ना."

हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. त्या बिचाऱ्यानं आमच्या सर्वेक्षणाचा मान राखला होता!

पोरींकडं तर याच्या उलट तकलीफ. पोरगी बोलायच्या आत आईच येऊन बाजंवर बसायची. "इचारा की माझ्यापुढं. माझ्या लेकराचं मला म्हाईत न्हाई असं काय हाय?" मग पोरीच्या वतीनं सगळी उत्तरं आईच द्यायची, न्हाई, न्हाई, न्हाई. मीही तसंच लिहून घ्यायची. फॉर्म कसा चकाचक व्हायचा! पुण्याला पाठवताना मात्र लाज वाटायची.

प्रश्नांचंही तसंच. पुण्याहून छापून यायचं, 'गेल्या सहा महिन्यांत'. शेतात राबणाऱ्या लेकराला सहा महिने कुठून सुरू होतात ते कळत नाही, आणि का कळावं? आम्ही विचारायचो, "पोळ्यापासून आजपर्यंत." लगेच बराबर उत्तर यायचं. ही सुधारणा माझी. पुण्याच्या लोकांनी नंतर ती आपल्या वहीत घातली आणि खाली माझं नाव घातलं नाही. मला अजून राग आहे त्याचा.

मग एका वर्षी ती डब्यांची पद्धत आली आणि माझं कामच बदलून गेलं. पद्धत साधी होती. एका खोलीत दहा पोरी बसवायच्या, एकीची पाठ दुसरीकडं, मधे खोक्याच्या पुठ्ठ्याचे आडोसे. प्रत्येकीच्या पुढ्यात दोन डबे, हिरवा 'हो'चा आणि लाल 'नाही'चा. हातात पत्त्यांएवढ्या कार्डांचा गठ्ठा, एक ते बारा नंबरचा. कार्डावर प्रश्नाचा नंबर, बाकी काही नाही. पोरीचं नाव नाही, खूण नाही. मी मोठ्यानं प्रश्न वाचायची, "एक नंबर." उत्तर 'हो' असेल तर एक नंबरचं कार्ड हिरव्यात, नसेल तर लाल डब्यात. शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दहाही हिरवे डबे एका पिशवीत रिकामे करायचे आणि दहाही लाल दुसऱ्या पिशवीत. पिशव्या हलवायच्या. मग कुणी 'हो' म्हटलं ते देवालाही कळू नये. कळायचं इतकंच की दहांतल्या किती 'हो' म्हणाल्या.

पहिल्यांदा ही पद्धत केली तेव्हा हिरवी पिशवी मी तीनदा मोजली. इतकी वर्षं जे नाही, नाही, नाही ऐकलं होतं, ते सगळं हिरव्या पिशवीत येऊन पडलं होतं. नसरीनबाजी माझी जोडीदारीण, शिकलेली समुपदेशक, आणि माझ्याहून कितीतरी थंड डोक्याची. ती म्हणाली, "ताई, पोरियां झूट नै बोलती. हमारेच पूछने में खोट थी."

बारावा प्रश्न त्या अभ्यासात सगळ्यात शेवटी असायचा. 'आत्ता, या दिवसांत, मला कुणाची तरी भीती वाटते आणि मला मदत हवी आहे.' बहुतेक गावांत बाराची सगळी कार्डं लाल पिशवीत निघायची. तसं झालं की आम्ही दोघी सुटकेचा निःश्वास टाकायचो आणि पिशव्या बांधून निघायचो. प्रत्येक गावात दुसऱ्या दिवशी नसरीनबाजी शाळेत बसायची. रक्त वाढायच्या गोळ्या वाटायला म्हणून बसायची, पण ज्या पोरीला बोलायचं असेल तिला गोळ्यांच्या निमित्तानं येता यावं हा खरा हेतू. कुणी काही विचारणार नाही, हे आधीच सांगितलेलं असायचं.

आता त्या गावाचं सांगते. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडचं गाव, नाव लिहीत नाही. हळद शिजवायला तेव्हा नुकती कुठं सुरुवात झाली होती. बुधवारचा दिवस. शाळेच्या खोलीत दहा पोरी आल्या, नऊ जणी वेणीफणी करून, आणि एक थेट हळदीच्या कामावरून. दहाही बोटं पिवळीधमक. तिला मी इथं वैशाली म्हणते, खरं नाव वेगळं आहे, आणि हे लिहायला तिनं परवानगी दिली आहे.

"हात धुवून तरी यायचं गं," मी म्हटलं.

"धुतले की, मॅडम. हळद हाय ती. चार रोज न्हाई जात."

पोरगी मोठी चलाख. नसरीनबाजी आडोसे लावण्यात गुंतली होती, मला उशीर होत होता, म्हणून मी कार्डांचे गठ्ठे वैशालीच्या हातात दिले आणि म्हटलं, "वाट गं सगळ्यांना." नियम असा की गठ्ठे आपणच वाटायचे. मीच तो नियम दुसऱ्यांना शिकवायची. पण बारीकसारीक नियम मोडायला माझ्यासारखं तरबेज कुणी नाही.

प्रश्न झाले. पिशव्या भरल्या, हलवल्या. पोरी गेल्या. मी हिरवी पिशवी मोजायला घेतली, नसरीनबाजीनं लाल. बारा नंबरचं एक कार्ड माझ्या हातात आलं, हिरव्यातून. नसरीनबाजीनं लालमधली बाराची नऊ मोजली आणि रबर लावून ठेवून दिली.

एक. आत्ता याच गावात, आत्ताच या खोलीतून उठून गेलेल्या दहांतल्या एकीला कुणाची तरी भीती वाटत होती आणि मदत हवी होती. मी कार्ड उलटं केलं. पाठीवर बोटाचा पिवळा ठसा होता.

मी पुण्याला फोन लावला. आमच्या अभ्यासाच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. शांतपणे म्हणाल्या, "ताई, कोण आहे ते शोधायचं नाही. सगळ्या दहांना मदतीच्या नंबरची चिठ्ठी मिळालीये ना? उद्या नसरीनबाजी बसणार आहेत. तिला यायचं असेल तर ती येईल. आपण शब्द दिलाय." ठशाचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला जागच्या जागी अडवलं असतं, म्हणूनच नाही सांगितलं.

मला राहवेना. शब्द, शब्द म्हणजे काय? पोरगी संकटात आहे आणि मी नियमाची वही धरून बसू? असं मी स्वतःलाच ठणकावून सांगितलं, आणि नसरीनबाजी "ताई, नको" म्हणत असताना दिवस मावळायच्या आत वैशालीचं घर विचारत गेले.

अंगणात कढई चढलेली, वाफा निघत होत्या, घरची सगळी माणसं कामात. मी तिला बाजूला, गोठ्याशी बोलावलं. हळू आवाजात म्हटलं, "बाळा, घाबरू नको. मला कळलंय. मला सांग, कोण आहे तो?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कोण म्हंजी? मी काई न्हाई टाकलं हिरव्यात, मॅडम."

पोरी झाकून सांगतात, हे माझं जन्माचं शिक्षण. मी आणखी जवळ गेले. "लपवू नको. मी कुणाला सांगणार नाही."

तेव्हा तिचे डोळे भरले, पण आवाज चढला. "तुमी म्हणलात कुणालाच कळणार न्हाई. डबे एकात वतले आमच्या म्होरं. मंग तुमी माझ्या दारात कशा काय आलात?"

तेवढ्यात तिची आई कढईपाशी काम टाकून आली. "काय झालं, बाई? काहून आलात?" आणि ती पोरगी, डोळे पुसत, क्षणात म्हणाली, "मॅडम हळकुंडं मागून राहिल्यात, बेण्याला. नव्या जातीची." माझ्या तोंडावरची लाज तिनं झाकली. तिच्या आईनं पदरात बांधून दिलेली हळकुंडं घेऊन मी परत आले.

गुरुवारी नसरीनबाजी सकाळपासून शाळेत बसली. गोळ्यांचे डबे समोर, दार उघडं. एकही पोरगी आली नाही. इतर गावांत निदान गोळ्या न्यायला तरी झुंबड असायची. तिथं संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही. तिनं नुसत्या गोळ्या मोजून परत पेटीत भरल्या. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी हिंगोलीच्या कचेरीत मी फेरतपासणीला पिशव्या उघडल्या. लाल पिशवीतल्या त्या नऊ कार्डांचं रबर काढलं आणि सहज एक उलटं केलं. पिवळा ठसा. दुसरं उलटं केलं. पिवळा ठसा. तिसरं, चौथं, नवव्यापर्यंत. कुठं गडद, कुठं फिका, पण प्रत्येकावर. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. गठ्ठे वैशालीनं वाटले होते. वाटताना बोट गठ्ठ्याच्या तळाशी लागतं आणि तळाचं कार्ड बारा नंबरचं. दहाही बारांवर तिचाच ठसा होता, त्यात खूण अशी काहीच नव्हती.

ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं की एका उत्तरावरून काही ठरवायचं नाही, 'हो'वाल्यांसोबत 'नाही'वालेही बघायचे, तिनं हिरवाच डबा बघितला होता. लाल पिशवी हाताच्या अंतरावर होती. पाच मिनिटांचं काम होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, नसरीनबाजी शेजारी उभी होती.

डॉक्टर मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "आता त्या गावात परत जाऊ नका, ताई." त्यांचं बरोबर होतं. मी गेले असते तर प्रत्येक पोरीला वाटलं असतं, आता माझी पाळी. अहवालात ते गाव एका ओळीत बसलं आणि ती ओळ एका मोठ्या आकड्यात मिसळून गेली. अहवालाच्या कार्यक्रमात लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

पण ती पोरगी माझ्या जिवातून गेली नाही. कोण होती ती? खिडकीशी बसलेली, सारखी ओढणी सावरणारी? प्रश्न वाचताना खोकली ती? दहांचे चेहरे मी मनात इतक्या वेळा फिरवले की ते आता झिजलेत. औंढ्याकडं जाताना बस कुठल्या फाट्यावर थांबली की खाली उभ्या बायकांत मी त्या वयाची शोधायची. पुढं तिचं वय वाढत गेलं तसं माझं शोधायचं वयही वाढवत गेले. मुलीचं लग्न झालं, निवृत्त झाले, आमचे हे गेले, घर रिकामं झालं. रिकाम्या घरात तर तिची आठवण जास्तच. ओळख ना देख, आणि जीव लागलेला! कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

यंदा उन्हाळ्यात नांदेडला जाताना वारंगा फाट्यावर गाडी बदलायची होती. रसवंतीच्या सावलीला उभी होते. एक बाई कडेवर लेकरू घेऊन समोर आली.

"वळखलं का, मॅडम? हळदीवाली."

वैशाली! अंगानं भरलेली, हसरी. फाट्यावर नवऱ्याचं टायरचं दुकान आहे म्हणाली. मला खुर्ची दिली, रस दिला. मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडातून निघालं, "मला माफ कर गं."

"आवो सोडा, किती वर्सं झाली." लेकराला मांडीवर घेत ती थोडी थांबली. "मलाच तुमाला सांगायचं व्हतं. त्या गुरुवारी ती आल्ती, मॅडम. शाळेच्या फाटकापस्तोर आल्ती. मीच तिला माघारी आणलं. म्हणलं, जाऊ नको, ह्या बायका घरापस्तोर येतात."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"तवा मला म्हाईत नव्हतं तीच हाय म्हणून. मंग त्याच हप्त्यात तिनं सांगितलं. माझ्यापायी तुझ्या दारात मॅडम आल्या म्हणून लई रडली. आमी दोघीच, काय करणार व्हतो? मी तिला एकटी सोडत नव्हते, बस्स. शाळंत संगं, रानात संगं, पाण्याला संगं. तिचं लगीन होईस्तोर. दोन वर्सं."

सोळा वर्षांच्या पोरीनं हे केलं. ना तिला कुणी शिकवलं होतं, ना तिच्याकडं डबे होते ना पुण्याचा फोन. मी, तीस वर्षं काम केलेली बाई, तिच्यापुढं मान खाली घालून बसले होते.

"नाव सांगू का तिचं?" वैशाली म्हणाली. "आता काय हाय त्यात. तुमाला बी बरं वाटंल."

काय सांगू, माझा जीव नुसता धावला त्या नावाकडं. इतकी वर्षं मी त्याच एका नावासाठी तळमळत होते. ते तिच्या ओठांवर आलं होतं, मी नुसतं गप्प राहिले असते तरी मिळालं असतं.

"नको," मी म्हटलं. "तिला शब्द दिलाय मी. एकदा मोडला, आता नाही." आणि मग न राहवून विचारलं, "बरी हाय का ती?"

"हाय. कदी बरी असती, कदी नसती. फोन येतो तिचा मला."

माझी गाडी लागली. वैशालीनं पिशवी उचलून दिली. पायरीवर चढता चढता मी वळून म्हटलं, "पुढच्या वेळी फोन आला की तिला माझा पत्ता दे. सांग, गुरुवारी मॅडम घरी असतात. यायचं तर ये, नाही तर नको. नाव विचारणार नाही, कशाला आलीस ते विचारणार नाही."

"सांगते," ती म्हणाली.

तेव्हापासून मी गुरुवारी कुठं जात नाही. भिशी बदलून घेतली, दवाखान्याची तारीख बदलून घेतली. सकाळी दार उघडून ठेवते, दोन माणसांचा चहा मांडते. बायका येतात, पोस्टमन येतो, शेजारचं पोरगं साखर मागायला येतं. अनोळखी, तिच्या वयाची कुणी फाटकाशी थांबली की मी उठत नाही, पुढं जात नाही. तिला स्वतःच्या पायांनी आत यायला वेळ लागेल. मी आतूनच म्हणते, "या, दार उघडंच आहे."